घर बघण्याचा कार्यक्रम

गेले सहा महिने कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "ठकीच्या घराचं काय झालं?" नाशिकहून लेक विचारते (तिचीच मुलगी, तरी तिला बातमी माझ्याकडून हवी असते!), ठाण्याच्या जाऊबाई विचारतात, बंगळूरहून मुलगा विचारतो. प्रत्येकाला वेगळं सांगता सांगता गोंधळ व्हायला लागला. एकीला सांगितलं वारज्यात पाहिलं, दुसरीनं ऐकलं बावधनला घेतलं, तिसरीनं तर अभिनंदनाचा फोनही करून टाकला. म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते. ज्यांना नुसती बातमी हवी आहे त्यांच्यासाठी: घर ठरलं, वारज्यात, करारनाम्याची नोंदणीही झाली. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं, कारण सांगण्यासारखं बरंच आहे.

ठकी म्हणजे माझी नात, लेकीची लेक. खरं नाव लिहायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून ठकी. तिच्या नवऱ्याला आपण जावईबापू म्हणू. लग्नाला आता तीन वर्षं होतील. ती फिजिओथेरपिस्ट, एरंडवण्यातल्या एका रुग्णालयात जाते. तो हिंजवडीला, संगणकाच्या कंपनीत. पुण्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणलात तर कळेल की एक इकडे आणि एक तिकडे. सकाळी साडेसातला तो डबा घेऊन बाहेर पडतो, आठला ती. रात्री आधी जो येईल त्यानं कुकर लावायचा असा नियम आहे. पोळ्यांना बाई आहेत. भाजी मात्र जावईबापू करतात आणि बरी करतात. भरली वांगी तर माझ्यापेक्षा चांगली, हे मी इथं लिहून ठेवते, त्याच्या तोंडावर म्हणणार नाही.

तीन वर्षांत हे दोघं तिसऱ्या भाड्याच्या घरात आहेत. पहिल्या घरमालकांचा मुलगा परदेशातून परत आला, दुसऱ्यांनी फ्लॅट विकायला काढला. कुणाचीच चूक नाही. अकरा महिन्यांचा करार म्हणजे अकरा महिन्यांचा. आपल्याकडे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, त्यामुळे दर वेळी ते सोपस्कार, दलाली, अनामत रक्कम, पोलिसांकडे माहिती देणं, गॅसचा पत्ता बदलणं, टेंपो. घरात काही नवीन घ्यायचं म्हटलं की दोघांचा आधी प्रश्न, "हलवताना सोसेल का?" तिच्या लग्नातला मोठा फोटो तीन वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे उभा आहे, कारण भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही. एकदा मी विचारलं, अगं, टेबलावर तरी ठेव. तर म्हणाली, "आजी, परत गुंडाळायचाच आहे ना."

तिसऱ्या घराचा करार संपायला सात-आठ महिने उरले तेव्हा दोघांनी ठरवलं की आता स्वतःचं बघायचं. आणि आमचे सगळ्यांचेच रविवार गेले!

'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्यानं केली त्याच्या काळी निदान घर बांधायला जागा तरी असायची. आता घर पाहावं ते पाहूनच. पूर्वी मुलगी बघायला जायचे तसं हल्ली घर बघायला जातात. पोहे नसतात, पण कॉफी असते. गुळगुळीत रंगीत पुस्तिका असते आणि गोड बोलणारी मुलगी असते. पहिल्या दोन-तीन वेळा मलाही नेलं. नमुन्याचा फ्लॅट म्हणून जो दाखवतात तो बघण्यासारखा असतो. खोल्यांना दारं नसतात, कपाटांना खोली नसते, पलंग आपल्या पलंगापेक्षा बेताचा असतो आणि एक भिंत पूर्ण आरशाची. त्यामुळे खोली ऐसपैस वाटते. मी त्या मुलीला विचारलं, "यात कपडे वाळत कुठं घालायचे?" ती म्हणाली, "आजी, ड्राय बाल्कनी आहे ना." ड्राय बाल्कनी म्हणजे वॉशिंग मशीन ठेवलं की माणसाला वळता येणार नाही अशी जागा. चार माणसांचे कपडे पावसाळ्यात तिथं वाळवून दाखवणाऱ्याला मी बक्षीस देईन.

एक मात्र मान्य करायला हवं. आमच्या वेळेपेक्षा आता घेणाऱ्याला बरीच माहिती मिळते. रेरा कायदा २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा सुरू झालं. त्याआधी बिल्डर म्हणेल तेवढे फूट. बिल्टअप, सुपर बिल्टअप, सेलेबल असे शब्द ऐकवायचे आणि जिना, लिफ्ट, खालचा पोर्च सगळं आपल्या माथी मारायचे. हजार फुटांचं म्हणून घेतलेलं घर आतून मोजलं की सातशे फूट भरायचं. आता किंमत कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आत वापरता येईल त्या जागेवर ठरते. आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या धरत नाहीत, बाल्कनी वेगळी मोजतात. इमारतीचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर घातला की ती कधी पूर्ण करायचं कबूल केलं होतं आणि ती तारीख पुढं ढकलली का, हे घरबसल्या दिसतं. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जावईबापूंनी हे सगळं एका वहीत उतरवून काढलं होतं. वही बघून मला माझ्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलांची आठवण झाली.

पण संकेतस्थळावर सगळंच नसतं. पाण्याचं काय, ते तिथं लिहिलेलं नसतं. बाणेर-बालेवाडी, वाकड, वाघोली, सगळीकडे उंच उंच इमारती आहेत आणि उन्हाळ्यात दाराशी टँकरची रांग. म्हणून माझा एक सल्ला त्यांनी मानला. विक्रीच्या कचेरीत पाण्याबद्दल विचारायचं नाही. शेजारच्या, लोक राहायला आलेल्या इमारतीच्या वॉचमनला विचारायचं, "मामा, टँकर किती वाजता येतो?" 'येतो का' असं विचारलं तर तो जपून बोलतो. 'किती वाजता' म्हटलं की बिचारा खरं सांगून मोकळा होतो. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "सकाळचा का दुपारचा?" आम्ही तसेच परत फिरलो.

असे पंधरा-सोळा फ्लॅट बघून झाले. वाकडचा तिला लांब, कोथरूडचा खिशाला लांब, बावधनचा चांगला होता पण बांधकाम चालू, ताबा अडीच वर्षांनी. तोपर्यंत भाडंही भरायचं आणि हप्ताही. शिवाय चालू बांधकामातल्या घरावर ५ टक्के जीएसटी (४५ लाखांच्या आतल्या, ठरावीक आकाराच्या परवडणाऱ्या घरांना १ टक्का, पण तसं यांना हव्या त्या भागात कुठलं!). भोगवटा पत्र मिळालेल्या तयार घरावर हा कर नाही. तेव्हा दोघांनी नव्याचा नाद सोडला आणि जुन्या इमारतीतलं, कुणीतरी राहून गेलेलं घर शोधायला लागले. यातही एक गंमत आहे. नमुन्याच्या फ्लॅटमध्ये आपण भुलतो. राहत्या घरात गेलं की खरं काय ते दिसतं. ओल कुठं येते, ऊन कुठून येतं, शेजारी कसे आहेत. एका घरात आजोबा झोपलेले होते. त्यांना उठवायला नको म्हणून आम्ही ती खोली न बघताच आलो. ठकी खाली आल्यावर म्हणाली, "त्यांना माहीत तरी आहे का घर विकतायत ते?" तो फ्लॅट तिनं यादीतून काढून टाकला. मी काही बोलले नाही.

शेवटी वारज्यात मिळालं. अठरा वर्षांची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट आहे. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, कार्पेट सहाशे तीस फूट. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. त्याला हिंजवडीला जायला हमरस्ता जवळ पडतो. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली, तेव्हापासून तिथला जीवघेणा खोळंबा पुष्कळ कमी झाला आहे म्हणतात. तिला एरंडवणं स्कूटरवर वीस मिनिटं. किंमत घासाघीस करून ७२ लाख.

आता बाहत्तर लाख हा आकडा मी उच्चारते तेव्हा मला अजूनही तो गणितातल्या उदाहरणातला वाटतो. बँक ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. यांनी ५५ लाख घेतले, वीस वर्षांसाठी. साडेआठ टक्के धरून हिशेब केला तर महिन्याला पावणेअठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास हप्ता येतो. वीस वर्षांत फेड होते जवळजवळ १ कोटी १५ लाख. म्हणजे एक घर बिल्डरचं आणि एक बँकेचं! बाकी सतरा लाख घरचे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ४ हजार. नोंदणीचे ३० हजार, दलाली १ टक्का. एकूण तेवीस लाख रोख हातात हवे. दोघांची बचत होतीच. लग्न नोंदणी पद्धतीनं केलं, तेव्हा दोन्हीकडच्या आईवडिलांनी कार्यालयाला जे घातले असते ते यांच्या नावानं बाजूला ठेवले होते. त्या वेळी नाकं मुरडणारी मंडळी बरीच होती, मी नावं घेत नाही. :) तरी थोडे कमी पडले. ते सांगलीच्या विहीणबाईंनी आपली मुदत ठेव मोडून दिले, चार लाख. मीही खारीचा वाटा उचलला.

आमचं घर १९८४ सालचं. त्याआधी आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात दोन खोल्यांत होतो, सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं. कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हा वाड्यातले लोक म्हणाले होते, एवढ्या लांब रानात कोण येणार तुमच्याकडे! साडेपाचशे फूट, ९५ हजार रुपये. त्यातले काही यांच्या शिक्षक पतपेढीचं कर्ज, काही माझ्या भविष्यनिर्वाह निधीतली उचल, उरलेलं गृहकर्ज, साडेबारा टक्क्यांनी. दोघांचे पगार शाळेचेच, जवळजवळ सारखे. एका पगारात घर चालायचं, दुसऱ्यात कर्ज फिटायचं. कुठला पगार कशात गेला हे कधी कुणी लिहून ठेवलं नाही. करारनामा यांच्या नावावर झाला. सोसायटी झाल्यावर ५० रुपयांचा एक असे पाच शेअर आले, त्या प्रमाणपत्रावरही यांचंच नाव. तसाच रिवाज होता. सोसायटीत बारा बिऱ्हाडं, बाराही दाखले पुरुषांच्या नावांचे. नोकरी करणाऱ्या आम्ही पाचजणी होतो.

हे २००४ साली अचानक गेले. मृत्युपत्र वगैरे काही नव्हतं, सत्तावन्नाव्या वर्षी कोण करतं? नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, त्यामुळे मला वाटलं झालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी शांतपणे समजावून सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीनं व्यवहार कुणाशी करायचा एवढंच त्या नावानं ठरतं, मालकी वारसांची. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वारस चौघं: मी, दोन मुलं आणि यांच्या आई. चौघांना सारखा वाटा. म्हणजे जे घर वीस वर्षं माझ्याही पगारातून उभं राहिलं, त्यात माझा वाटा एक चतुर्थांश.

मुलांनी आणि सासूबाईंनी माझ्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. भांडण नाही, तंटा नाही. पण त्याला सात महिने लागले. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्रं, वकील, मुलाला बंगळूरहून रजा मिळणं. नोंदणीच्या कचेरीला जिना होता, लिफ्ट नव्हती. सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या. मुलगा गेलेल्याला पाच महिने झालेले. प्रत्येक पायरीवर थांबत वर आल्या. कारकुनानं विचारलं, "आजी, तुम्ही तुमचा हिस्सा सोडताय, कुणाची जबरदस्ती नाही ना?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझा कसला हिस्सा? मी हिच्याकडे राहते." चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. सही सावकाश, जोडाक्षर नीट फोडून केली. आयुष्यात त्यांच्या नावावर एकच घर झालं, तेही पाव, तेही पाच महिने, आणि ते त्यांनी सही करून सोडून दिलं.

हे मी आत्ता का सांगते आहे? तर ठकीच्या घराच्या कागदांत नेमका हाच मुद्दा आला.

झालं असं की महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. सुरुवातीला त्यात अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. पण सवलत हवी तर घेणारी स्त्रीच हवी, नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. बाहत्तर लाखांवर एक टक्का म्हणजे ७२ हजार रुपये. स्वयंपाकघराची फर्निचरची सोय त्यात होते. जावईबापूंनी आकडा काढला आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "तिच्या एकटीच्या नावावर घेऊ." मनापासून म्हणाले. मी समोरच होते.

मला आनंद झाला हे कबूल करते. आमच्या बारा दाखल्यांमधून इथपर्यंत येणं काही कमी नाही. सरकारनं ही सवलत दिली ती याचसाठी की बायकांच्या नावावर काही असावं. मी म्हटलं, घे गं, चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून विहीणबाईंचा मला फोन. इकडचं तिकडचं झालं, पाऊस, गुडघे. मग म्हणाल्या, "ताई, माझा तिच्यावर विश्वास नाही असं समजू नका. पण हप्ते दोघांचे, आणि त्याचं नावच नाही कुठं. उद्या काय होईल कुणी सांगितलंय? मला त्यांना हे विचारवत नाही, म्हणून तुम्हाला विचारते." बोलताना त्यांचा आवाज जरा अडखळला. चार लाखांचा त्यांनी उल्लेखही केला नाही. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर सासूपणा म्हणून मी सोडून दिलं असतं. पण बाई बोलत होत्या ते जसंच्या तसं मी वीस वर्षांपूर्वी माझ्याशीच बोलत होते. फक्त नावं उलटी.

हे मी ठकीला सांगायचं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. सांगितलं असतं तर तिच्या सासूबाईंबद्दल तिच्या मनात काहीतरी राहिलं असतं. न सांगावं तर त्या बाईंनी विश्वासानं फोन केला होता. शेवटी रविवारी दोघं जेवायला आली तेव्हा मी नुसतं विचारलं, "कर्ज कुणाच्या नावावर?" ठकी म्हणाली, "दोघांच्या. माझ्या एकटीच्या पगारावर बँक एवढं देत नाही."

"आणि घर?"

ती आमटी वाढत होती, थांबली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे तुझा पीएफ आजीचा होणार."

जावईबापूंना काही कळेना. तिनं त्यांना सगळं सांगितलं. हक्कसोडपत्र, जिना, पणजीची सही. लहानपणापासून माझ्याकडून ऐकून तिला पाठ आहे, तारखांसकट. ते म्हणाले, "पण मला चालेल. मी कुठं भांडायला येणार आहे?" तेव्हा ठकी जे बोलली ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. म्हणाली, "आजोबा तरी कुठं भांडायला येणारे होते? प्रश्न भांडायचा नाहीच. मी उद्या अचानक गेले तर तू, आणि मूल झालं तर ते, असे वारस. तू स्वतःच्या घरासाठी दाखले गोळा करत फिरायचंस. एकाच्या नावाचं काय होतं ते मी या घरात पाहिलंय. ते नाव माझं आहे म्हणून मला ते बरं कसं वाटेल?"

मग बराच वेळ हिशेब चालला. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत गृहकर्जाच्या व्याजाची वजावट मिळवायची तर कर्जात नाव असून भागत नाही, घराच्या मालकीतही नाव लागतं. पण हे दोघं नव्या पद्धतीत, तेव्हा तो मुद्दा बाद. बहात्तर हजार ते बहात्तर हजारच राहिले. जावईबापू म्हणाले, "एवढ्यात चिमणी, ओटा आणि ट्रॉल्या होतात." ठकी म्हणाली, "ट्रॉल्या पुढच्या वर्षी." ती रात्र तशीच गेली. बुधवारी फोन आला, दोघांचं नाव घालतोय, निम्मं निम्मं, आणि तसं करारनाम्यात स्पष्ट लिहून घेतोय. शिवाय दोघंही मृत्युपत्र करणार आहेत. सत्ताविसाव्या वर्षी! मी ऐकून आधी 'शुभ बोल' म्हणणार होते, पण गिळलं.

सवलत वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. जिथं बाईला एरवी घरात नावच मिळत नाही तिथं त्या एक टक्क्यानं ते मिळत असेल तर सरकारचे उपकारच म्हणायचे. एकटी राहणारी, एकटीनं हप्ते भरणारी, आई-मुलगी मिळून घेणाऱ्या, यांना तर तो हक्कानं मिळावा. मात्र पैसे दोघांचे असतील तर कागदावर दोघांची नावं असावीत, एवढंच मला वाटतं. नवरा-बायकोत प्रेम आहे म्हणून कागदाची गरज नाही असं आपण म्हणतो. मला वाटतं, प्रेम आहे तोवरच कागद नीट करून घ्यावा. तेव्हा तो करणं सोपं असतं. जी घरं बघायला जाताहेत त्या पोरांनी टाइल्स आणि गॅलरी बघण्याआधी जेवणाच्या टेबलावर बसून हे बोलून घ्यावं. आणि जुन्या बिऱ्हाडांनीही आपापले शेअरचे दाखले एकदा कपाटातून काढून बघावेत. आमच्या सोसायटीत मी हे गेल्या सभेत बोलले. बारापैकी चौघांनी आतापर्यंत बायकोचं नाव कसं घालता येईल याची चौकशी केली आहे.

नोंदणीला मीही गेले होते. आता अंगठा यंत्रावर, फोटो तिथल्या तिथे, बसायला खुर्च्या. दोन साक्षीदार लागतात, त्यातली एक मी. विहीणबाई सांगलीहून आल्या होत्या. इंडेक्स टू हातात आल्यावर ठकीनं तो आधी त्यांच्याकडे दिला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नावं वाचली, घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, "चला, भूक लागली." त्या फोनचं मी कधी कुणाला बोलले नव्हते. आता त्यांच्या परवानगीनंच इथं लिहिलं आहे. त्या म्हणाल्या, लिहा, बाकीच्या सासवांनाही कळू दे.

ताबा पुढच्या महिन्यात मिळेल. आधीच्या मालकांनी पडदे आणि गॅलरीतली तुळस ठेवून जायचं कबूल केलं आहे. नळ दोन गळतात, न्हाणीघराला गिलावा करावा लागेल, खिडक्यांना जाळ्या नाहीत. ट्रॉल्या पुढच्या वर्षी, हे वर आलंच आहे. मोठी वास्तुशांत करणार नाहीत, पण जेवायला सगळ्यांना बोलावणार आहेत. तारीख कळवते. सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्यांना जागा नाही, तेव्हा रिक्षानं किंवा बसनं यावं.

ता. क. भेटवस्तू म्हणून भिंतीवरची घड्याळं आणू नयेत, दोन आधीच आली आहेत. आणायचंच असेल तर खिळे आणि हातोडी आणा, असा निरोप आहे.